श्रेयांक आणि ऋतू : पदवीस्तरीय जीवशास्त्राच्या अभ्यासक्रम-नियोजनाची मासवण परिसराच्या संदर्भात समीक्षा

प्रस्तावना

पदवीच्या तीन वर्षांत जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय शिकावे, याची चर्चा अभ्यासमंडळांतून आणि महाविद्यालयांतून पुष्कळ होते. ते कोणत्या क्रमाने आणि वर्षाच्या कोणत्या काळात शिकावे, याची चर्चा त्यामानाने फारच थोडी होते. गणित किंवा अर्थशास्त्र जुलैत शिकविले काय आणि जानेवारीत शिकविले काय, विषयाच्या स्वरूपात फरक पडत नाही. जीवशास्त्राचे तसे नाही. त्याची अभ्यासवस्तू ऋतूप्रमाणे प्रकट होते आणि ऋतूप्रमाणेच लोप पावते. असे असूनही अभ्यासक्रमाची मांडणी करताना जीवशास्त्राला इतर सर्व विषयांप्रमाणेच तासांच्या आणि श्रेयांकांच्या चौकटीत बसविले जाते. चौकट नीट भरली की नियोजन पूर्ण झाले, असा समज रूढ झाला आहे.

प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी पालघर तालुक्यातील मासवण व त्याभोवतीचा सूर्या नदीचा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. मासवण हे काही विद्याकेंद्र नव्हे. मात्र येथून निघालेला विद्यार्थी पालघर किंवा बोईसरच्या बाजूला विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या एका हाताला नदी, भातशेती आणि वाडी-पाड्यांचे रान असते, तर दुसऱ्या हाताला तारापूरची औद्योगिक वसाहत असते. जीवशास्त्राच्या पदवीने या दोहोंपैकी कशाचे आकलन त्याला करून दिले, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

श्रेयांकांचा हिशेब

मुंबई विद्यापीठात श्रेयांकाधारित सत्रपद्धती २०११-१२ पासून लागू झाली. त्यापूर्वीची रचना वार्षिक होती. पहिल्या वर्षी तीन विषय आणि अखेरच्या वर्षी एका विषयाचा विशेष अभ्यास, असा तिचा सर्वसाधारण क्रम होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक अपेक्षित आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांक धरून ही मर्यादा १२० ते १३२ अशी ठेवली आहे. मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवडीचे विषय, व्यावसायिक कौशल्ये, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण आणि सहशालेय उपक्रम अशा अनेक कप्प्यांत हे श्रेयांक विभागलेले आहेत.

या रचनेचे गुण नाकारता येत नाहीत. क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना प्रथमच स्वतंत्र आणि सक्तीचे स्थान मिळाले आहे. शासनाच्या नमुना आराखड्यात तिसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्पाला २, चौथ्या सत्रात समुदाय सहभागाला २, पाचव्या सत्रात या दोहोंपैकी एकाला २ आणि सहाव्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगला ४ श्रेयांक आहेत. म्हणजे १३२ पैकी १० श्रेयांक, साधारण साडेसात टक्के, वर्गाबाहेरच्या कामाचे आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकास ३० तास, या हिशेबाने क्षेत्रप्रकल्पास ६० तास मिळतात. पालघरहून मासवणला जाऊन नदीकाठी काम करून परतण्यास अर्धा दिवस, म्हणजे सुमारे चार तास धरले, तर ६० तासांत पंधरा फेऱ्या होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक, असा हा हिशेब कागदावर अगदी चोख बसतो.

दोष कागदाबाहेर आहे. तिसरे सत्र म्हणजे पावसाळा. पंधराच्या पंधरा फेऱ्या जून-जुलै ते ऑक्टोबर या काळात होणार. नदी त्या वेळी भरलेली, गढूळ आणि वेगवान असते. विद्यार्थ्याने नोंदविलेली नदी ही सूर्या नदीची एकच अवस्था असते. डिसेंबरनंतरचा प्रवाह मुख्यतः धरणातून सोडलेल्या पाण्यावर आणि वाटेतल्या उपशावर अवलंबून असतो. त्या काळात क्षेत्रप्रकल्प नसतो. चौथ्या सत्रात समुदाय सहभाग असतो, पण त्याची आखणी जीवशास्त्र विभागानेच करावी आणि आधीच्या कामाशी ती जोडावी, अशी अट कोठेच नाही. अनेकदा ते श्रेयांक स्वच्छता मोहीम किंवा जनजागृती फेरीवर खर्च होतात. अशा रीतीने एकाच अभ्यासाचे दोन अर्धे दोन निराळ्या कप्प्यांत पडतात आणि एकमेकांना भेटत नाहीत.

पहिल्या वर्षी तर क्षेत्रकार्याला स्वतंत्र श्रेयांकच नाहीत. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ज्या भागात दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात, तेथे ही सोय केवळ सैद्धांतिक राहत नाही. असा विद्यार्थी एका वर्षाने बाहेर पडला, तर त्याच्या प्रमाणपत्रामागे प्रत्यक्ष सजीवसृष्टीच्या निरीक्षणाचा एकही नोंदलेला तास नसण्याची शक्यता आहे.

पूर्वीचा अनुभवही उद्बोधक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००३-०४ च्या सुमारास सर्व पदवी शाखांना पर्यावरण अध्ययनाचा सक्तीचा अभ्यास लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक डॉ. एरक भरुचा यांनी आयोगासाठी लिहिले. ५० व्याख्यानांच्या त्या अभ्यासक्रमातील आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता आणि त्यास पाच व्याख्यानांचा वेळ दिलेला होता. नदी, टेकडी, प्रदूषित स्थळ आणि परिसरातील सामान्य वनस्पती-पक्षी यांचा अभ्यास त्यात अपेक्षित होता. कल्पना उत्तम होती. परंतु त्या भेटी वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि किती अंतराने व्हाव्यात, याविषयी ती रचना मौन होती. त्यामुळे एकाच दिवशीची एकच सहल आणि तिचा प्रकल्प-अहवाल, एवढ्यावर हा घटक बहुतेक ठिकाणी आटोपला. मौनाचा हा दोष नव्या आराखड्यातही तसाच उतरला आहे.

परंपरेतील तीन दाखले

जीवशास्त्राच्या अध्यापनाला स्थळाचे आणि काळाचे भान नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. या विषयाच्या परंपरेतच तसे दाखले आहेत.

पहिला दाखला नमुना-प्राण्यांच्या पद्धतीचा आहे. थॉमस हेन्री हक्सले यांनी एच. एन. मार्टिन यांच्यासह १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रात्यक्षिक पुस्तकाने निवडक नमुन्यांद्वारे संपूर्ण जीवसृष्टी शिकविण्याची पद्धत रूढ केली. भारतीय विद्यापीठांत ती जशीच्या तशी आली. नमुनेही युरोपीय होते आणि वर्णनेही. १९२६ मध्ये लखनऊ येथील के. एन. बहल यांनी भारतीय गांडुळावरचा, म्हणजे फेरेटिमावरचा ग्रंथ सिद्ध करून भारतीय प्राणिशास्त्रीय ग्रंथमालेची सुरुवात केली. याच मालेत पुढे स्कोलिओडॉन या लहान शार्कवरील ग्रंथ आला. आपल्याकडे कोळी समाज ज्यांना मुशी म्हणून ओळखतो, त्यांपैकीच हा मासा. बहल यांनी प्राणिशास्त्राची तत्त्वे बदलली नाहीत. त्यांनी तत्त्वे समजून घेण्याचे साहित्य बदलले. स्थानिकता आणि सार्वत्रिकता यांत विरोध नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष कामातून दाखविले.

दुसरा दाखला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहाचा आहे. १९०६ पासूनच्या या संग्रहातील सुकविलेल्या वनस्पतीला मोल येते, ते तिच्यासोबतच्या चिठ्ठीमुळे. वनस्पती कोठे मिळाली, केव्हा मिळाली आणि कोणी गोळा केली, या तीन नोंदी नसतील तर नमुना शास्त्रीयदृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आजच्या श्रेयांक-नोंदीत विद्यार्थ्याने किती तास काम केले हे असते, पण कोठे आणि केव्हा केले हे नसते. संग्रहालयाच्या निकषाने ही नोंद अपुरी आहे.

तिसरा दाखला खुद्द मुंबई विद्यापीठाचा आहे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. हक्सले यांच्याकडे शिकलेले आणि डंडी येथे दीर्घकाळ वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या नदीखोऱ्याचा उभा छेद घेऊन त्यावर भूमी, वनस्पती, व्यवसाय आणि वस्ती यांचा संबंध एकत्र वाचावा, ही त्यांची शिकवण होती. सूर्या नदीचे खोरे जणू अशा वाचनासाठीच घडलेले आहे. जव्हार-विक्रमगडकडील डोंगराळ भाग, धामणी धरण, कवडास बंधारा, मासवणच्या आसपासची भातखाचरे, पुढे वैतरणेशी संगम आणि अखेरीस खाडी व समुद्र, असा हा क्रम आहे. मासवण येथून उदंचनाद्वारे नदीचे पाणी वसई-विरार शहराकडे जाते. कवडास येथून मिरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची प्रादेशिक योजना आखली गेली. सिंचनासाठी बांधलेल्या प्रकल्पाचे पाणी शहरांकडे वळल्याची तक्रार या भागातील शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्या प्रवाहावर जगणाऱ्या जलचरांचे काय होते, हा प्रश्न मात्र जीवशास्त्राचा आहे आणि तो विचारण्याची तयारी पदवीच्या विद्यार्थ्यात असावयास हवी.

सत्र आणि ऋतू यांची विसंगती

मासवण परिसरातील काही उदाहरणे घेतल्यास ही विसंगती अधिक स्पष्ट होते.

पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळी उगवते. वनस्पतिशास्त्रात ती अमॉर्फोफॅलस कम्युटेटस म्हणून ओळखली जाते. शेवळीची भाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय केली तर घसा खाजतो, हे येथील घराघरांतील बायकांना ठाऊक असते. या खाजेमागे वनस्पतीच्या पेशींतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हे स्फटिक दाखविण्याचे प्रात्यक्षिक वनस्पती-शरीररचनेत असतेच. ते बहुधा महाविद्यालयाच्या बागेतील एखाद्या शोभेच्या झाडाच्या छेदावर, सोयीच्या दिवशी उरकले जाते. जूनअखेरीस शेवळीच्या कोंबावर ते केले, तर पेशीविज्ञान, आहार, विषारीपणा आणि फलनकाल या चार गोष्टी एका तासात एकत्र येतात. शेवळी आणि काकडाची फळे एकाच वेळी उपलब्ध असतात, म्हणूनच ही पाककृती घडली, हेही विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. मात्र हा तास फेब्रुवारीत घेता येत नाही.

शेवाळी, नेचे, कवके आणि बेडकांचे प्रजनन हे सारे पावसाळ्याचे विषय आहेत. भाताच्या खाचरांतून वर चढणारे वलगणीचे मासे पहिल्या पुराच्या दिवसांतच दिसतात. पळस, काटेसावर आणि मोह यांच्या फुलोऱ्यासाठी मात्र जानेवारी ते एप्रिल हा काळ हवा. पानगळीच्या रानाचे स्वरूपही तेव्हाच समजते. सातपाटीच्या बंदरावर मासळीची प्रजातीनिहाय नोंद करावयाची असेल, तर १ जूनपासून सुरू होणारी पावसाळी मासेमारी बंदी उठेपर्यंत थांबावे लागते. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला. त्याच्या लहान पिल्लांच्या मासेमारीचा प्रश्न ज्या किनाऱ्यावर गाजतो, तेथील विद्यार्थ्याने माशांचे वय आणि वाढ हा पाठ बंदरावर शिकावा की तक्त्यावर, याचे उत्तर वेळापत्रक ठरविते.

म्हणजे अपुष्प वनस्पती, उभयचर आणि जलपरिसंस्था यांवरील पाठ विषम सत्रांत, तर सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण, पक्षी, वनपरिसंस्था आणि मत्स्यविज्ञान यांवरील पाठ सम सत्रांत किंवा विषम सत्राच्या उत्तरार्धात येणे स्वाभाविक आहे. पाठांचा क्रम प्रायः विषयाच्या पुस्तकी अनुक्रमाने किंवा अध्यापकांच्या कार्यभाराच्या सोयीने ठरतो. त्यात ऋतूचा विचार आला तर तो योगायोगाने येतो.

पूर्वज्ञानाचा प्रश्न

ऋतूइतकाच महत्त्वाचा प्रश्न क्रमाचा आहे. जुन्या रचनेत पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राच्या जोडीने रसायनशास्त्र येत असे आणि विद्यार्थ्याला ते टाळता येत नसे. मुख्य व गौण विषयांच्या नव्या निवडीत प्राणिशास्त्राला वनस्पतिशास्त्राची जोड देऊन रसायनशास्त्र पूर्णतः वगळण्याचा मार्ग काही ठिकाणी खुला होतो. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून हे आकर्षक आहे. परंतु रसायनशास्त्राशिवाय जैवरसायनशास्त्र आणि जलपरीक्षण अशक्यप्राय होते. मासवणचा विद्यार्थी पदवीनंतर नोकरीसाठी पाहतो ती बोईसर-तारापूरकडे. तेथील औषध व रसायन कारखान्यांच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळांचे दारही रसायनशास्त्राच्या पायाशिवाय सहज उघडत नाही. ज्या स्वातंत्र्याचे परिणाम निवड करणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, ते स्वातंत्र्य अपुरे असते.

जीवसांख्यिकीचेही असेच आहे. ती बहुधा पदवीच्या उत्तरार्धात शिकविली जाते, तर क्षेत्रप्रकल्प तिसऱ्या सत्रात असतो. किती नमुने घ्यावेत, दोन ठिकाणांच्या सरासरींतील फरक खरा की योगायोगाचा, हे प्रश्न विद्यार्थ्यापुढे प्रथम प्रकल्पात येतात आणि त्यांची उत्तरे त्याला पुष्कळ उशिरा मिळतात. परिणामी प्रकल्पांचे अहवाल रंगीत आलेखांनी भरतात, परंतु त्यांतून निष्कर्ष निघत नाही.

वेळापत्रकाचा एक लहानसा तपशीलही येथे बोलका ठरतो. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचे मापन जैवरासायनिक प्राणवायू मागणीने होते. जुनी पद्धत २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची होती. भारतीय परिस्थितीत २७ अंशांना तीन दिवसांची पद्धत स्वीकारली गेली. नमुना सोमवारी ठेवला तर वाचन गुरुवारी घ्यावे लागते. प्रात्यक्षिकाची तुकडी आठवड्यातून एकदाच भेटत असेल, तर हे वाचन विद्यार्थी घेत नाही, प्रयोगशाळा साहाय्यक घेतो किंवा मागील वर्षाचे आकडे वापरले जातात. तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. त्या क्षेत्रापासून काही किलोमीटरवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या चाचणीचे वाचन स्वतः घेता न येणे, ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप समानतेचा. परिसरनिष्ठ अभ्यासक्रम दिला, तर आदिवासी व ग्रामीण विद्यार्थी परिसरातच अडकून पडेल, मुंबईच्या विद्यार्थ्याला जनुकशास्त्र आणि त्याला रानभाज्या, अशी नवी विषमता निर्माण होईल. हा धोका खरा आहे. भारतीय ज्ञान प्रणालीच्या नावाखाली रानभाज्यांचे कौतुक करून पेशीविज्ञान टाळले, तर तो प्रत्यक्षात येईल. त्यावरील उत्तर बहल यांच्या दाखल्यात आहे. शेवळीवरील तासाचा विषय शेवळी नसून पेशीतील स्फटिक आहेत. प्रश्नपत्रिका, संकल्पना आणि काठिण्यपातळी सर्वत्र समान राहावी. बदल फक्त नमुना, स्थळ आणि काळ यांत व्हावा. उलट आजची समानता विषम आहे, कारण जे साहित्य शहरी महाविद्यालयाला सहज मिळते, तेच सर्वांसाठी प्रमाण मानले जाते.

दुसरा आक्षेप श्रेयांकांच्या हस्तांतरणाचा. २०२१ पासूनच्या शैक्षणिक श्रेयांक पेढीमुळे विद्यार्थी एका संस्थेतील श्रेयांक दुसरीकडे नेऊ शकतो. प्रत्येक महाविद्यालयाने पाठांचा क्रम बदलला, तर हे कठीण होईल. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. म्हणूनच मुख्य विषयाच्या पत्रिकांचा क्रम विद्यापीठाने ठरवावा आणि त्या पत्रिकांतील घटकांचा क्रम तसेच प्रात्यक्षिकांचे दिनमान महाविद्यालयावर सोपवावे, ही मर्यादा योग्य ठरते.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि मोठ्या तुकड्या असताना दर आठवड्याला नदीवर कोण जाणार? पावसाळ्यात नदीकाठ धोक्याचा असतो, सर्पदंशाची भीती असते आणि जबाबदारी शेवटी अध्यापकावरच येते. यावर असे म्हणता येईल की, प्रस्तुत मांडणीत तास वाढत नाहीत, फक्त विभागले जातात. पावसाळ्यातील पंधरा फेऱ्यांऐवजी पाच-सहा फेऱ्या पुरेशा आहेत, त्याही पुराचे दिवस वगळून. उरलेल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कराव्यात. आयोगाच्या २०११ आणि २०१४ च्या सूचनांनंतर प्राण्यांचे विच्छेदन बंद झाले. त्या प्रात्यक्षिकांची जागा अनेक ठिकाणी प्रतिकृती आणि तक्ते यांनी घेतली आहे. त्यांतील काही तास सजीवांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाकडे वळविणे अवघड नाही. तथापि अध्यापकाने क्षेत्रात घालविलेले तास कार्यभारात पूर्णपणे धरले गेले नाहीत, तर कोणतीही योजना कागदावरच राहील, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

एक शक्य मांडणी

विद्यमान श्रेयांकांत कोणतीही वाढ न करता पुढील मांडणी शक्य आहे.

पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने घराजवळची एक ठरावीक जागा निवडावी. ती नदीकाठ, खाचराचा बांध, देवराई किंवा खाडीची कड यांपैकी काहीही असू शकेल. दर पंधरवड्याला तिची नोंद ठेवावी. हे काम मुख्य विषयाच्या प्रात्यक्षिक नोंदवहीचा भाग मानावे. त्यामुळे एका वर्षाने बाहेर पडणाऱ्याच्या हातीही पावसाळा आणि उन्हाळा अशा दोन्ही ऋतूंची स्वतःची नोंद राहील. दुसऱ्या सत्रातील कौशल्याधारित दोन श्रेयांक प्राथमिक जीवसांख्यिकीला द्यावेत. जीवशास्त्रीय मुख्य विषय घेणाऱ्याला गौण विषय निवडतानाच रसायनशास्त्र सोडण्याचे परिणाम लेखी कळवावेत.

तिसऱ्या सत्रातील क्षेत्रप्रकल्प, चौथ्या सत्रातील समुदाय सहभाग आणि पाचव्या सत्रातील क्षेत्रप्रकल्प हे तिन्ही एकाच स्थळी व्हावेत. सहा श्रेयांक, १८० तास, अर्ध्या दिवसाच्या पंचेचाळीस फेऱ्या आणि त्यांत दोन पावसाळे व एक उन्हाळा, एवढे साहित्य हाती आल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या पावसाळ्याची तुलना शक्य होते. पदवीच्या विद्यार्थ्याला कालानुक्रमिक माहितीचा अर्थ प्रथमच कळतो. चौथ्या सत्रातील समुदाय सहभागास जैविक विविधता कायदा, २००२ चा भक्कम आधार आहे. या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांच्या सहभागाने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा नोंदींच्या कामात महाविद्यालयीन शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरस्कार सातत्याने केला. विद्यार्थ्यांनी समितीला साहाय्य करावे, वारली आणि इतर समाजांतील जाणकारांची नावे व माहिती त्यांच्या संमतीनेच नोंदवावी आणि नोंदवहीवरील अधिकार गावाचाच राहील, याची खबरदारी घ्यावी. येथे विद्यार्थ्याची मातृभाषा ही अडचण न राहता साधन होते, कारण वनस्पतीचे वारली नाव, मराठी नाव आणि शास्त्रीय नाव यांची जुळणी त्याच्याइतकी चांगली कोणीच करू शकत नाही.

सहाव्या सत्रातील ऑन जॉब ट्रेनिंगचे १२० तास तारापूरच्या प्रयोगशाळांत, जलशुद्धीकरण केंद्रात, मच्छीमार सहकारी संस्थेत किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात घालविता येतील. ज्याने आधी नदीचे पाणी दोन वर्षे तपासले आहे, तो कारखान्याच्या सांडपाण्याचा अहवाल निराळ्या नजरेने वाचतो. नोकरीची पात्रता आणि नागरिकाची जाण या दोन गोष्टी तेथे वेगळ्या राहत नाहीत.

समारोप

अभ्यासक्रमाचे नियोजन म्हणजे श्रेयांकांची बेरीज, ही समजूत जीवशास्त्राच्या बाबतीत विशेष हानिकारक आहे. नव्या आराखड्याने क्षेत्रकार्याला जागा दिली, हे त्याचे श्रेय आहे. त्या जागेला महिना आणि ठिकाण दिले नाही, ही त्याची उणीव आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागाच्या जूनमधील पहिल्या बैठकीत वेळापत्रकाशेजारी परिसराचे ऋतुमान मांडून ठेवले, तरी अर्धे काम होण्यासारखे आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. अणुऊर्जा केंद्र, औद्योगिक वसाहत, शहरांकडे जाणारे पाणी आणि २०२४ मध्ये मंजूर झालेले वाढवण बंदर, अशा अनेक मोठ्या निर्णयांचा भार हा लहान जिल्हा वाहतो आहे. प्रत्येक निर्णयापूर्वी परिसराच्या जीवसृष्टीचा अहवाल तयार होतो आणि तो लिहिणारे तज्ज्ञ बहुधा बाहेरून, काही दिवसांसाठी येतात. त्या अहवालातील एखादी नोंद पाहून, या महिन्यात हा मासा येथे नसतो, हे पुराव्यानिशी सांगू शकणारा पदवीधर मासवणसारख्या गावातून निघावा, इतकी अपेक्षा जीवशास्त्राच्या तीन वर्षांकडून करणे अवाजवी नाही. आज तो निघत नसेल, तर त्याचे कारण विद्यार्थ्याच्या कुवतीत न शोधता वेळापत्रकात शोधले पाहिजे.